काणकोणला पाच दिवस दोघंच : पाळोळे-आगोंदचा समुद्र आणि खोतीगावचं जंगल, आमच्या चुकांसकट

ह्या महिन्यात तिसऱ्या जोडप्याने मला तोच प्रश्न विचारला, की गोव्यात गर्दी नसलेलं, समुद्र जवळ, जमलं तर थोडं जंगल, आणि दोघांना नुसतं लोळता येईल असं काही आहे का. आहे. दरवेळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसला म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते, म्हणजे पुढच्यांना लिंक टेकवता येईल.

जागा म्हणजे काणकोण. गोव्याचा सगळ्यात खालचा तालुका, पोळ्याचा नाका ओलांडला की कारवार. पाळोळे, पाटणे, आगोंद, गालजीबाग हे किनारे इथलेच आणि खोतीगाव अभयारण्याचं गेट पाळोळ्यापासून स्कूटरवर अर्ध्या तासाच्या आत. सकाळी जंगल आणि दुपारी समुद्र हे एकाच मुक्कामातून जमतं, बॅग उचलावी लागत नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नवऱ्याने एक्सेल शीट केली होती. चार दिवसात बागा, जुनं गोवं, दूधसागर, पाळोळे, खोतीगाव, वर मंगेशी. खोतीगावला आम्ही भर अकराला पोचलो, दोन वानरं बघितली, घाम पुसला आणि परत, आणि येताना गाडीत दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. दुसऱ्यांदा एकाच खोपीत पाच रात्री काढल्या. खाली जे सांगतेय ते त्या दुसऱ्या आणि नंतरच्या तिसऱ्या वेळचं आहे, पहिल्या वेळचं फक्त 'हे करू नका' म्हणून.

१) आधी तारखा ठरवा, मग बाकी सगळं

किनाऱ्यावरच्या लाकडी-बांबूच्या खोपी कायमच्या नसतात, पावसाळ्याआधी उतरवतात आणि पाऊस संपला की परत उभ्या करतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर 'सी व्ह्यू'च्या जागी ठोकाठोक आणि प्लायवूडचे ढीग बघायला मिळतील. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा सगळ्यात बरा काळ. नाताळ ते न्यू इयर सोडा, भाडी दुपटीच्या वर जातात आणि शांतता मिळत नाही ती नाहीच. माझं स्वतःचं मत विचाराल तर फेब्रुवारी, लाँग वीकेंड टाळून. पहाटे चक्क स्वेटर लागतो आणि पाणी पोहण्यासारखं असतं. मार्च-एप्रिलला उकडतं पण किनारे मोकळे होतात आणि उर्राक म्हणजे काजूची दारू मिळते, त्याबद्दल पुढे.

पावसाळ्यात जाऊच नका असं नाही, हिरवं इतकं असतं की डोळे दुखतात. पण समुद्रात उतरता येत नाही, बरेचसे शॅक (किनाऱ्यावरच्या खानावळी) बंद, जंगलात जळवा, आणि धबधब्यांवर सरकार मध्येच बंदी घालतं. तुमच्यापैकी एकाला जरी 'बीच' हवा असेल तर भांडण नक्की.

२) पोचायचं कसं

मुंबईहून कोकण रेल्वे. मडगावला उतरायचं ठरवलं तर पर्याय भरपूर, जनशताब्दी, मांडवी, कोकणकन्या, आणि २०२३ पासून वंदे भारत पण आहे. मांडवी दिवसभर घेते पण खाणं चांगलं मिळतं आणि खिडकीतून रत्नागिरी-कणकवली बघत जाणं हाच मला अर्धा प्रवास वाटतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठला बसा, नंतर वेटिंग. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, त्यामुळे जून ते ऑक्टोबरमध्ये जात असाल तर जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

काणकोणला स्वतःचं स्टेशन आहे, पाळोळ्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. मत्स्यगंधा तिथे थांबते, पण मुंबईहून येताना ती पोचते मध्यरात्र उलटल्यावर. उतरणार असाल तर खोपीवाल्याशी आधी बोलून रिक्षा सांगून ठेवा, कारण त्या वेळेला स्टेशनबाहेर एक कुत्रा आणि एक ट्यूबलाइट एवढंच असतं.

पुण्याहून गोवा एक्स्प्रेस मिरज-लोंढा करत मडगावला आणते. विमानाने येणाऱ्यांनी एक गोष्ट बघा, गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीपासून पाळोळे साधारण ६५-७० किलोमीटर, आणि मोपापासून शंभरच्या पुढे, कारण मोपा अगदी वरच्या टोकाला पेडण्यात आणि काणकोण अगदी खालच्या. मोपाचं तिकीट हजार रुपये स्वस्त म्हणून घेतलं आणि टॅक्सीत त्याच्या दुप्पट घातले हा किस्सा आमच्या घरातलाच आहे, नाव सांगत नाही.

मडगावहून पुढे कदंबच्या (गोवा सरकारच्या) आणि खाजगी बसेस चावडीपर्यंत जातात. चावडी म्हणजे काणकोणचं गाव, बाजार, एटीएम, पेट्रोल पंप, औषधाचं दुकान सगळं तिथे. सापळा इतकाच की मडगावचं रेल्वे स्टेशन एका टोकाला आणि कदंब स्टँड दुसऱ्या, मध्ये रिक्षा करावी लागते. बस करमल घाटातून वळणं घेत जाते, ज्याला बस लागते त्याने खिडकी आणि आवळा सुपारी दोन्ही धरून ठेवावं.

३) किनारा निवडा, एकच

चुकीचा किनारा निवडणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण तिथे पैसे भरून झालेले असतात.

पाळोळे: चंद्रकोरीसारखा, पाणी त्यातल्या त्यात शांत, शॅक, कयाक, दुकानं, गर्दी. पहिल्यांदा जाताय आणि संध्याकाळी थोडी चहलपहल हवी तर हाच. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही म्हणून इथे हेडफोनवाल्या पार्ट्या होतात, शंभर माणसं कानाला हेडफोन लावून आवाजाशिवाय नाचतायत हे लांबून बघायला फार मजा येते.

पाटणे: पाळोळ्याच्या खालचा, छोटा, कोळंबच्या खडकांवरून पायी येता येतं. मध्यममार्गी लोकांसाठी.

आगोंद: चावडीपासून उत्तरेला दहाएक किलोमीटर, लांबच लांब सरळ किनारा, रात्री नऊनंतर सामसूम. आम्ही दोन्ही वेळा इथेच राहिलो. पण पाण्याला ओढ आहे, लाट किनाऱ्याजवळच फुटते, पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या पुढे नको.

गालजीबाग: सुरूचं बन, कासवं, आणि जवळजवळ काहीच नाही. राहायला नाही, जायला. ह्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

४) खोपी बुक करताना हे विचारा

ऑनलाइन फोटोत सगळ्या खोपी सारख्याच दिसतात, पांढरी मच्छरदाणी, वर दोन टॉवेलचे हंस. फोन करून विचारायचं ते असं:

- खोपी किचनच्या किंवा जनरेटरच्या किती जवळ आहे? (पहिल्या रात्री आमच्या डोक्याशी मिक्सर चालू होता, साडेअकरापर्यंत. दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत हललो, भाडं कमी आणि झोप जास्त.)
- 'सी फेसिंग' म्हणजे खोपीतून समुद्र दिसतो की झाडामागून ऐकू येतो?
- बाथरूम आत आहे का, गरम पाणी येतं का, लाइट गेली तर पंखा चालतो का?
- पैसे परत मिळायची अट काय, आणि ती मेसेजवर लिहून द्या.

पूर्ण पैसे आधी भरू नका. सुरुवातीला दोनच रात्री बुक करा आणि आवडलं तर तिथेच बोलून वाढवा, आठवड्याच्या मधल्या दिवसात घासाघीस पण होते. आमच्या खोपीच्या बाईंनी चौथ्या-पाचव्या रात्रीचे पैसे कमी लावले आणि वर शहाळी दिली, ॲपवर हे कुठे होणार.

तुम्हाला समुद्रापेक्षा जंगल जास्त प्यारं असेल तर खोतीगावच्या गेटजवळ वनखात्याची राहायची सोय आहे, साधी, स्वच्छ. एक रात्र तिथे काढायला हरकत नाही पण आधी चौकशी करून, थेट जाऊन उभं राहू नका.

५) कागदपत्रं आणि सामान

दोघांचीही ओळखपत्रं लागतात, एकाचं नाही. आधार, पासपोर्ट, मतदार कार्ड किंवा लायसन्स. पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. लग्नाचं सर्टिफिकेट आम्हाला कुणी कधी विचारलं नाही. स्कूटरसाठी ड्रायव्हिंग लायसन्स, डिजीलॉकरमधलं चालतं पण आगोंदला नेटवर्क रुसलं की डिजीलॉकर उघडत नाही, तेव्हा कार्ड जवळ ठेवा. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी पीयूसी आणि इन्शुरन्स बघून निघा.

रोख बरी ठेवा. चावडी सोडली की एटीएम शोधत फिरावं लागतं, आणि जंगलाच्या गेटवर फोन दाखवून उपयोग होईलच असं नाही.

सामानात: दुर्बीण (असेल तर. नसेल तर मागून आणा, खरंच), फिकट हिरवे-मातकट कपडे आणि पूर्ण पँट, कारण गवतात गोचीड असतात, बंद बूट, ओडोमॉस, टॉर्च, ओआरएस, पोटाच्या गोळ्या, एक पंचा. पंचा वाळतो, टॉवेल वाळत नाही. पांढरे, लाल, भगवे कपडे जंगलात नकोत.

६) गाडी

गोव्यात ओला-उबर नाही, गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आहे पण इतक्या खाली भरवशाने मिळेलच असं नाही. त्यामुळे स्कूटर. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात, तीच घ्या. 'माझीच घरची गाडी आहे, शंभर कमी द्या' म्हणून पांढऱ्या प्लेटची कुणी देत असेल तर नको म्हणा, पोलिसांनी धरलं तर तुम्ही रस्त्यावर आणि तो फोन उचलत नाही. आम्ही फेब्रुवारीत दिवसाला ४०० ने घेतली, पाच दिवसांची बोली करून. घेताना गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, मालकाच्या समोर, ओरखडे दाखवत. हेल्मेट दोन मागून घ्या, आणि टाकीत पेट्रोल किती आहे ते पण व्हिडिओत येऊ द्या. स्कूटर किनाऱ्यावर वाळूत उतरवू नका, दंड होतो आणि गाडी रुतते ते वेगळं.

७) खोतीगावची सकाळ

आता मुख्य. लोक गोव्याला येतात आणि हे सोडून जातात, किंवा आमच्यासारखे अकराला येतात.

खोतीगाव १९६८ पासून अभयारण्य आहे, सुमारे ८६ चौरस किलोमीटर, मधून तळपण नदी जाते. रस्ता सोपा: चावडीहून कारवारच्या दिशेने, पैंगीणजवळ डावीकडे पाटी दिसते, तिथून थोडं आत गेट. नव्या बायपासवर चढू नका, तो माशे गावाकडे काढतो आणि मॅप त्यावरूनच नेतो, आम्ही पुलावरून फोटो काढत खूप पुढे गेलो होतो. जुना रस्ता धरा.

गेट उघडायच्या वेळेला पोचा. वेळ आदल्या दिवशी खोपीवाल्याला किंवा गेटवर विचारून घ्या. माणसाचं, गाडीचं, कॅमेऱ्याचं तिकीट वेगवेगळं असतं, सुटे ठेवा. गेटपाशी माहिती केंद्र आहे, ते परत येताना बघा, आत जाताना नको, कारण तिथे अर्धा तास गेला की पक्षी गेले.

आत काय दिसेल ते आधी स्पष्ट सांगते म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. हे ताडोबा नाही. जीप सफारी नाही, उघडी माळरानं नाहीत, पंचवीस-तीस मीटर उंच झाडं आणि खाली दाट. गवे आहेत, बिबटे आहेत, अस्वल, भेकर, पिसोरी (इवलंसं हरिण), रात्री हिंडणारं लाजवंती माकड आहे, पण बहुतेक सगळे तुम्हाला बघतील आणि तुम्ही त्यांना नाही. वाघाची चर्चा ऐकली असेल, २०२३ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव वगैरे मिळून व्याघ्रप्रकल्प जाहीर करा असं सांगितलं, सरकार त्यावर सुप्रीम कोर्टात गेलं. ते सगळं खरं, पण वाघ बघायला म्हणून स्कूटरवर येऊ नका.

मग बघायचं काय? शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि मी तो पहिल्यांदा नीट पाहिला गोव्यात. (गोव्याचा गवा. म्हणजे इथे दोन राज्यांचे राज्यप्राणी एकाच जंगलात, हे मला उगाचच आवडतं.) पद्धत अशी: गाडी रस्त्याच्या कडेला बंद करा, हेल्मेट काढा, आणि दहा मिनिटं काहीही करू नका. खरंच काहीही नाही. आधी कानात आपल्याच इंजिनची घरघर राहते, ती विरायलाच दोन-तीन मिनिटं जातात. मग पानांचे आवाज वेगळे कळायला लागतात. वाळकं पान गळतं तो आवाज सुटा असतो, एक. शेकरू फांदीवरून जातं तेव्हा फांदी आधी खाली वाकते, मग झटका देऊन वर येते आणि एकदम मूठभर पानं सुटतात. त्या दिवशी आमच्या डोक्यावर सालीचे तुकडे पडत होते, बारीक, ओले. वर बघितलं तर किंदळाच्या उंच दुबेळक्यात फुटबॉलपेक्षा मोठा काटक्या-पानांचा गोळा, ते त्याचं घरटं, आणि बाजूच्या फांदीवर ते स्वतः, तांबूस पाठ, पिवळट पोट, शेपूट घड्याळाच्या लंबकासारखी खाली सोडलेली, दोन्ही हातात काहीतरी धरून कुरतडतंय. मग त्याने आम्हाला बघितलं आणि खडखड खडखड असा जो काय आवाज काढला की नवरा दचकून मागे सरकला. एवढंसं जनावर. पलीकडच्या झाडावर उडी मारली ती सहज पंधरा फूट असेल. पूर्ण प्रसंग चार-पाच मिनिटांचा, पण त्यावर आम्ही दोघं दोन दिवस बोलत होतो.

पक्ष्यांमध्ये धनेश, त्याच्या पंखांचा आवाज आधी येतो, कुणीतरी सतरंजी झटकल्यासारखा. भृंगराज दिसेल, शेपटीच्या दोन दोऱ्या मागे उडत. कर्णा (मलबार ट्रोगन) पण आहे, तो आम्हाला तीन वेळा जाऊन एकदाच दिसला.

आत साधारण सहा-सात किलोमीटरवर पाणवठ्याजवळ झाडावरची माच आहे, २५ मीटर उंचीवर. फोटो बघून सगळे तिथेच पळतात. गेटवरच विचारा चालू आहे का, लाकडाची अवस्था बघून कधी वर सोडतात कधी नाही. चालू असली तरी उंचीची भीती असलेल्याने बळेच चढू नये, माझा नवरा अर्ध्यात थांबून म्हणाला मी इथूनच बघतो, आणि 'इथूनच' म्हणजे त्याला फक्त माझे बूट दिसत होते.

काही गोष्टी पाळा. जंगलात माणसं राहतात, वेळीप आणि कुणबी समाजाची वस्ती आहे, त्यांची घरं, बागायत, मिरच्या वाळत घातलेलं अंगण हे 'पॉइंट' नाहीत, विचारल्याशिवाय फोटो नको. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. वानरांना वेफर्स देऊ नका. आत खायला काही मिळेल असं धरून चालू नका, पाण्याच्या दोन बाटल्या आणि चावडीतून घेतलेले बन्स (केळ्याच्या गोडसर पुऱ्या) डिकीत ठेवा, रिकाम्या पिशव्या परत आणा. ऊन चढलं की निघा, साडेदहानंतर जंगल झोपतं. एका मुक्कामात दोनदा जा, ह्याला सहसा कुणी तयार होत नाही, पण दुसऱ्या सकाळी पहिल्यापेक्षा दुप्पट दिसतं, कारण कुठे थांबायचं ते कळलेलं असतं.

वनखात्याच्या माणसाशी नीट बोला, दादा म्हणून विचारा. आम्हाला गेटवरच्या काकांनी तिसऱ्या दिवशी आपणहून सांगितलं की काल संध्याकाळी गवे अमुक वळणावर पाणी प्यायला उतरले होते, फाल्यां सकाळीं येयात (उद्या सकाळी या). गेलो. गवे नव्हते, पण चिखलात खूर होते, ताजे, पाणी अजून गढूळ. नवऱ्याने त्यात आपला हात ठेवून फोटो काढला. गवा समोर आलाच तर गाडी पुढे रेटू नका, हॉर्न नाही, थांबा, तो जाईपर्यंत.

८) समुद्र: झेंडे आणि पाऊणकी

'दृष्टी' ह्या कंपनीचे जीवरक्षक किनाऱ्यावर असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहा, लाल झेंडा असेल तर पाय भिजवा फक्त. अंधारात पाण्यात उतरू नका, आणि पिऊन तर अजिबात नको. किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला २०१९ पासून दंड आहे, शॅकमध्ये बसून प्या.

भरती-ओहोटीला ॲप लागत नाही, कोकणातली जुनी युक्ती आहे. कालनिर्णयमध्ये तिथी बघा, तिची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. तासभर इकडेतिकडे धरा. ह्याचा उपयोग असा, की पाळोळ्याच्या उत्तर टोकाला छोटं बेट आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. परत यायची वेळ मोजून जा. आम्ही मोजली नव्हती, कमरेएवढ्या पाण्यातून चपला डोक्यावर घेऊन आलो, फोन नवऱ्याच्या टोपीत.

होडीने बटरफ्लाय बीच आणि डॉल्फिन दाखवतात. एकटी होडी करू नका, सकाळी किनाऱ्यावर अजून एखादं जोडपं शोधा, भाडं निम्मं होतं. लाइफ जॅकेट घालूनच चढा. 'डॉल्फिन नाही दिसले तर पैसे परत' हे पाण्यात लिहिलेलं असतं. आणि डॉल्फिनच्या मागे होडी पळवू नका असं होडीच्या तांडेलाला तुम्हीच सांगा, तो गिऱ्हाइकाला खूश करायला पळवतो.

९) कासवं

आगोंद आणि गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांचे किनारे. थंडीच्या दिवसात रात्री मादी येऊन वाळूत शंभरेक अंडी घालते, वनखातं त्या जागेला कुंपण घालून पाटी लावतं, पन्नासेक दिवसांनी पिल्लं. वेळासच्या कासव महोत्सवासारखा इथे कार्यक्रम नसतो, वेळ ठरलेली नसते, दिसलं तर नशीब. कुंपणाच्या आत डोकावू नका, रात्री किनाऱ्यावर मोठे टॉर्च आणि फ्लॅश नको, शेकोटी तर नकोच. आम्हाला कासव दिसलं नाही. सकाळी सहाला गालजीबागला वाळूत ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखी खूण दिसली, पाण्यातून वर सुरूच्या झाडांपर्यंत आणि तिथून परत. बराच वेळ त्या खुणेच्या बाजूला बसून होतो.

१०) खाणं

सकाळी चावडीत भाजी-पाव, म्हणजे आपली पावभाजी नाही, पातळ भाजी आणि गरम पाव, सोबत मिरची भजी किंवा बन्स. दुपारी शॅक सोडून गावातल्या खानावळीत फिश थाळी: भात, हुमण (माशाची आमटी), तिसऱ्या, किस्मूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), एक तळलेला तुकडा, सोलकढी. शॅकच्या मेनूत हमस, पास्ता, मोमो सगळं असतं, एखाद्या संध्याकाळी ठीक. तिथे मासा दाखवतात तेव्हा वजन करून भाव विचारा, *आधी*. 'छोटाच आहे मॅडम' म्हटलेला चणक आम्हाला पूर्ण दिवसाच्या खोपीइतका पडला. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही पण पर्याय रोज तेच.

मार्च-एप्रिलमध्ये उर्राक मिळते, काजूच्या बोंडाची पहिल्या धारेची. लिमका, लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. हलकी वाटते, नसते. स्कूटर असेल त्या दिवशी नाही.

११) परतताना

एक दुपार काब द रामच्या किल्ल्यासाठी ठेवा, आगोंदहून रस्ता काजूच्या बागांमधून जातो, सूर्यास्ताला सगळे तिथेच जमतात म्हणून चारलाच जा आणि अंधारात घाटातल्या वळणांवरून परत येणं टाळा. वाटेत खोल्याची मिरची मिळाली तर घ्या, जीआय मानांकन आहे तिला, रंग लालभडक आणि तिखट बेताचं. घरगुती विकणाऱ्या बायकांकडून घ्या, चावडीच्या शनिवारच्या बाजारातही मिळते.

दारूच्या बाटल्या न्यायच्या असतील तर दुकानातूनच परवान्याचं विचारा, परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेताना नाक्यावर तपासतात.

स्कूटर आदल्या संध्याकाळी परत करा, रेल्वेच्या दिवशी सकाळी नको, मालक मासे आणायला गेलेला असतो आणि तुमचं डिपॉझिट त्याच्या खिशात. आणि मिरच्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून स्टीलच्या डब्यात ठेवा. आम्ही नुसत्याच बॅगेत टाकल्या होत्या, मांडवीत बर्थखाली बॅग ठेवली आणि रत्नागिरी येईपर्यंत अख्खा कंपार्टमेंट शिंकत होता.